आपली हाय की न्हाय

नोंद करायची असते माशीची, पण वहीच्या समासात माणसंच जास्त साठत जातात. माझ्या अशा चार वह्या भरल्यात.

मी कोल्हापुरात एका शाळेत कारकून. सुट्टीच्या दिवशी वृंदा मॅडमच्या संशोधनासाठी नोंदी लिहायला जातो. गाडी दादूची. आम्ही तिघंच. मॅडमचा विषय होव्हरफ्लाय, म्हणजे फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबणारी पट्ट्यापट्ट्यांची माशी. दिसते थेट गांधीलमाशीसारखी, पण हिला नांगी नाही. गांधीलमाशी मॅडमना एकदा चावली, तेव्हा घसा सुजून श्वास अडकला होता. पुढच्या वेळी दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तरी त्या येतातच.

*

बिद्रीजवळ कोथिंबीर फुलोऱ्यात होती. शेतकऱ्यानं विचारलं, चावत नाही तर असले पट्टे कशाला? मॅडम म्हणाल्या, पक्ष्यांनी घाबरावं म्हणून. बाकी ती फुलांचे पराग वाहते, तिच्या अळ्या पिकावरची मावा कीड खातात.

"म्हंजे आमच्या थोरल्या भावागत," तो म्हणाला. "दरारा तेवढा मोठा. मारत कुणाला न्हाय."

*

एकदा मॅडमच्या बाहीवर काहीतरी बसलं आणि दादूनं टॉवेलनं फटका हाणला. मॅडमनी मेलेली माशी भिंगाखाली धरली.

"पंख मोजा, दादू. दोन. गांधीलमाशीची कंबर सुतासारखी, पंख चार."

"मोजत बसलो आन् चार निघालं तर वो?"

मग नियम ठरला. मारायचं नाही, हलायचं नाही. ज्याला आधी दिसेल त्यानं होव्हरफ्लाय असेल तर 'आपली', गांधीलमाशी असेल तर 'न्हाय', एवढंच सांगायचं.

*

नियम दादूच्या अंगात इतका भिनला, की घरी जेवताना भातावर माशी बसली तर तो ताठ बसून "आपली" म्हणाला. त्याची बायको म्हणाली, "आपली तर वाढू का तिला?"

*

या माशीचा नर हवेत एक जागा धरून राखण करतो. नजर एवढी तेज, की समोरून खडा गेला तरी मागं धावतो. मुरगूडला मॅडमनी दादूला खडा टाकायला सांगितलं. त्यानं बाउंड्रीवरून चेंडू फेकावा तसा फेकला. खडा बांधावरच्या झुडपात गेला. झुडपात गांधीलमाश्यांचं पोळं.

माझ्या वहीत त्या पानावर शेवटचा शब्द अर्धवट, 'पाठला' एवढाच आहे. गाडीच्या काचा लावून आम्ही अर्धा तास बसलो. बाहेरून त्या काचेवर आपटत होत्या. मॅडम काचेतून बांधाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "नर खड्यामागं कुठवर गेला, बघितलंत का कुणी?"

*

गगनबावड्याला धुकं नुकतंच निवळलं होतं. मॅडम फुलांवर वाकल्या होत्या. त्यांच्या मानेवर काहीतरी बसलं आणि कानामागून गालावर आलं.

"दादू?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

दादू दोन हातांवर होता. त्याला दिसत होतं, मलाही दिसत होतं. सुतासारखी कंबर, लांब पाय.

"आपली हाय, मॅडम."

इतक्या हळू आवाजात बोलणारा दादू मी पहिल्यांदा ऐकला. मॅडमचे खांदे सैल झाले. "बरं," त्या म्हणाल्या.

ती गालावरून हनुवटीपर्यंत चालली. थांबली. ओठांच्या कडेला आली. मी घड्याळ बघायला विसरलो. मग ती उडाली. दादू गाडीमागं जाऊन खाली बसला.

मी वही उघडली. पेन रकान्यावर टेकलं, पण पुढं सरकेना. मॅडम माझ्याजवळ आल्या.

"खरं ते लिहा. आपली नव्हती," त्या म्हणाल्या. "फक्त दादूला ही वही दाखवू नका."