बेंदराचा छापील बैल

निरवांगीचे कुंडलिक मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरी फळ्या कोरत बसायचे. कोरलेल्या फळीला शाई फासायची, वर कागद दाबायचा, की चित्र उमटलं. त्यांचे वडील गेणबातात्या याला सरळ रिकामटेकडा उद्योग म्हणायचे. मास्तर पगार आणून हातावर ठेवायचे म्हणून बरं, नाहीतर फळ्यांसकट घराबाहेर निघाले असते.

सत्त्याण्णव साली तात्यांनी ट्रॅक्टर घेतला आणि म्हातारा बैल राजा विकून टाकला. मास्तरांनी तो सागाच्या फळीवर कोरला. मान तिरकी, शिंगं आभाळात, अंगावर नुसत्या जाड रेघा. आणि काय नवल, पुण्याच्या प्रदर्शनात चित्र निवडलं गेलं! आयुष्यात पहिल्यांदाच. पण ते पोचवायची शेवटची तारीख नेमकी बेंदराची, म्हणजे बैलांच्या सणाची निघाली.

सकाळी आंघोळ उरकून, पुण्याची पिशवी खांद्याला लावून मास्तर ओसरीवर येतात तो काय! पुठ्ठ्यावर लावून भिंतीला टेकवलेल्या चित्रातल्या बैलाच्या कपाळावर हळदीकुंकू, शिंगांना बेगड, पुढ्यात पुरणपोळी.

"आई, ह्ये काय केलंस गं?"

"गोठ्यात बैल न्हाय, मग पुजायचं कुणाला?" द्वारकाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी कोपऱ्यात फळी शोधली. फळी शाबूत असली की दुसरा छाप काढता येतो. "आन् माजी फळी कुठं हाय?"

"ती किडीनं खाल्ल्याली? चुलीत घातली. पोळ्या कशा टम्म फुगल्या बघ!"

दुसऱ्या छापाची मास्तरांची आशा चुलीत गेली. आता आहे तेच न्यायचं म्हणून त्यांनी चित्राला हात घातला, तर तात्या आडवे आले.

"ठिव खाली. बेंदराला बैल कामाला काढत्यात व्हय?"

"तात्या, चित्र हाय त्ये!"

"पुण्याला धाडतूयास न्हवं? मग कामच की त्ये. आज त्येला सुट्टी. उद्या ने."

"उद्या कोन घेतंय तितं!"

तात्या ऐकतात कसले! इतकी वर्षं ज्या उद्योगाला नावं ठेवली, त्यातल्या बैलाला आज हक्काची रजा. मास्तरांना हसावं की रडावं कळेना.

तात्यांनी पोळी मोडली, तुपात बुडवली आणि चित्रातल्या तोंडाशी धरली. तुपाचा ओघळ कागदावर उतरला. कागद खराब होतोय, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात म्हातारा पुटपुटला, "खा रं राज्या. इकाय नगं हुतं तुला."

मास्तरांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि ते बापाशेजारी हात जोडून उभे राहिले.