सी मोंजीचा कोरा रकाना

स्फाक्स शहरातल्या आमच्या घाऊक औषध कंपनीत सी मोंजी बूझय्याननं (सी म्हणजे आमच्याकडचं 'राव') अकरा वर्षं सर्व्हरांवर पहारा दिला. पार गाफ्सापर्यंतची औषधदुकानं आमच्याकडं कॉम्प्युटरवरून मागणी टाकतात. ती अडली की कुणाचं तरी इन्सुलिन अडतं. म्हणून पहाऱ्याचं सॉफ्टवेअर त्यानं पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. मी त्याच्या हाताखाली शिकलो, म्हणजे शिव्या खाल्ल्या.

"लेका, मशीन हाकेला ओ देतं म्हणजे प्रोग्राम चालतोय असं कुणी सांगितलं? मयताच्या घरीपण दार उघडायला माणूस असतंय. दर पाच मिनिटांनी एक खोटी मागणी टाक. शेवटपर्यंत पोचली तरच जिता म्हण."

नाहीतर म्हणायचा, "अलर्ट साऱ्या गावाला धाडू नको. दहा धनी म्हणजे कुणीच धनी नाही."

सगळ्यात कडक नेम हद्दीचा. कितव्या आकड्याला बोंब मारायची, ते बदललं तर कुणी सांगितलं आणि का, हे कारणाच्या रकान्यात लिहायचंच. झालेली नोंद कुणालाच पुसता येत नसे, मोंजीलाही नाही. ती व्यवस्था त्यानंच भांडून करवली होती.

वसंतात राजधानीतून नौफल साहेब संचालक होऊन आले. त्यांनी काचेच्या खोलीत सर्व्हरांची हालत दाखवणारी पुरुषभर उंचीची स्क्रीन लावली. गुरुवारी इटलीचे भागीदार येणार होते, आणि स्क्रीनवर एक चौकोन लालभडक. मागण्यांची डिस्क नव्वद टक्के भरलेली.

मंगळवारी खालच्या कॉफीखान्यात साहेब, मोंजी आणि मी असे तिघं बसलो.

"सी मोंजी, तुम्ही आमचे वडीलधारे. पाहुण्यांपुढं हा लाल डाग बरा दिसतो का?"

"डाग नाही साहेब, गळू आहे. जुन्या नोंदी हलवायला चार दिवस द्या."

"गुरुवार परवावर आलाय! हद्द अठ्ठ्याण्णववर न्या. मग काय ते करा."

"अठ्ठ्याण्णवला बोंब मारून काय उपयोग? तोवर घर जळालेलं असतंय."

नौफल हसले. "तुम्ही स्फाक्सवाले! बदामाचं टरफलपण जपून ठेवाल. करा हो, माझ्यासाठी." आणि स्वतःच्या हातानं कॉफी मोंजीपुढं सरकवली.

वर येऊन मोंजीनं हद्द बदलली. रकाना कोराच सोडला.

"साहेबांचं नाव टाका की," मी म्हटलं.

"ज्याच्या हातची कॉफी प्यालो, त्याच्यावर फिर्याद लिहू? ऐब आहे गड्या. शोभत नाही."

पाहुणे खूश होऊन गेले. नोंदी हलवायला मोंजीनं साहेबांकडं दोनदा परवानगी मागितली. दोन्ही वेळा "महिनाअखेर होऊ द्या," असंच उत्तर आलं. पुढच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी अलर्ट वाजला आणि अकराव्या मिनिटाला डिस्क तुंबली. मोंजी सर्व्हरच्या खोलीपर्यंत पोचलाही नव्हता. मागण्या दुपारी तीनपर्यंत बंद.

चौकशीला राजधानीतून तिघं आले. दोष ठरला तर मोंजीची खुर्ची जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती त्याच्या. त्यांनी छापील नोंद पुढं ठेवली.

"हा बदल तुमच्या नावावर आहे?"

"माझ्याच."

"कुणी सांगितलं होतं?"

मोंजीनं नौफलांकडं पाहिलं.

"मी म्हणालो, स्क्रीन जरा नीट दिसू द्या," नौफल म्हणाले. "आकड्यातलं मला काय कळतंय?"

"हा होता तिथं," मोंजीनं माझ्याकडं बोट केलं. "ह्याला विचारा."

तिघांनी माझ्याकडं माना वळवल्या. माझ्या नोकरीच्या कायमपणाचा कागद महिनाभर नौफलांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

"मला... नीट आठवत नाही," मी म्हटलं.

चौकशीच्या तिघांतल्या मधल्या बाईंनी मोंजीला विचारलं, "ही नोंद खरी आहे का, एवढंच सांगा."

"खरी आहे. तिच्यात खोटं घालताच येत नाही." त्यानं सही केली. पेन नौफलांनीच पुढं केलं होतं, तेही अदबीनं.

त्याला गोदामात मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या करायला बसवलं. आठवड्यानं त्याची खुर्ची मला मिळाली. किल्ल्या द्यायला तो स्वतः आला.

"हद्द ऐंशीवर आणलीय," एवढंच बोलला. किल्ल्या माझ्या हातात न देता टेबलावर ठेवल्या आणि जिन्यानं खाली उतरून गेला.