ताईची ओळ

आमचं यंत्र सुरू केलं की जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर आधी एक ओळ उमटायची: ‘थांब जरा, पाहून राहिली.’ ती माझ्या ताईने लिहिलेली. तिच्या लग्नाआधी गोंदियाच्या घरी आम्ही दोघांनी ते यंत्र केलं. मूठभर धान टाकलं की त्यात ओल किती ते सांगायचं. राईस मिलवाल्यांना ते आवडलं. यंत्राची अक्कल, म्हणजे त्याचा प्रोग्राम, सी या संगणकाच्या भाषेत होती आणि ती सगळी ताईची होती. मी तारा जोडायचो आणि फुकटचा रुबाब करायचो.

मग ताई कोहमाऱ्याला सासरी गेली. हायवेवर त्यांचा ढाबा आहे, तिथे ती गल्ल्यावर बसते. माणसं चांगली आहेत, पण तिचा संगणक तिकडे गेला नाही आणि तिने तो मागितलाही नाही. याचं मला तेव्हाही वाईट वाटलं.

फोन मात्र चालू राहिले. नव्या संगणकावर प्रोग्राम चढवला की ‘हेडर फाइल सापडत नाही’ म्हणून तो अडून बसायचा. प्रोग्रामच्या सगळ्या भागांना लागणारी सामाईक माहिती त्या फाइलमध्ये असते. मला ती समोर दिसत असायची, त्याला दिसत नसायची. मी वैतागून ताईला फोन लावायचो.

‘कुठं शोधाचं ते त्याले सांगितलं का तू?’ ट्रकच्या हॉर्नमधून ती विचारायची. सांगितलेलं नसायचंच.

एकदा मिलमधले लोक हसले म्हणून मी तिची ती ओळ काढून टाकली. तर कडकडीत वाळलेलं धान यंत्र ओलंचिंब सांगू लागलं. ओळ परत घातली, आकडा बरोबर. माझं डोकंच चालेना.

‘काऊन काढून राहिला तिले? राहू दे ना,’ ताई आधी हसली. मग म्हणाली, ‘पण असं होऊन कायले राहिलं? वाच बरं पूर्ण.’

दुपारी ढाब्यावर गर्दी ओसरली की तिचाच फोन यायचा. मी प्रोग्राम वाचायचो, ती मधेच थांबवायची, शिव्या घालायची, पुन्हा मागे न्यायची. मागून ताटं आदळल्याचा आवाज यायचा, पण तिचं लक्ष हलायचं नाही. इतकी खुशीत ती मला लग्नानंतर कधी वाटली नव्हती.

शेवटी दोष मला सापडला. एकाच नावाची हेडर फाइल दोन फोल्डरांत होती. पूर्वी कधी तरी प्रोग्राम असाच अडला, तेव्हा ताईने तिची एक प्रत दुसरीकडे ठेवली होती. पुढे मी मूळ फाइलमध्ये एका नोंदीची जागा वाढवली, प्रत तशीच राहिली. त्यामुळे अर्धा प्रोग्राम त्या नोंदीचं खोकं लहान समजायचा आणि अर्धा मोठं. मोठं समजणारा शेजारच्या जागेत लिहून आकडा बिघडवायचा. ताईची ओळ असली की नेमकी मधे मोकळी जागा पडायची, म्हणून आकडा शाबूत राहायचा.

प्रत पुसली, ओळ काढली, यंत्र नीट चाललं. मी उड्या मारत फोन केला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

‘चांगलं केलं बाबू,’ ती म्हणाली. मग तिने विचारलं, ‘मंग आता कायले फोन करशील?’

‘असाच करीन की,’ मी म्हणालो. करतोही. आईचे गुडघे, बटाट्याचा भाव, तिकडचा पाऊस. बोलणं लवकर आटपतं. तो दोष आणखी काही महिने सापडला नसता तर बरं झालं असतं, असं मला खरंच वाटतं.

परवा मी ती ओळ परत घातली. गरज नव्हती. ताईला फोन करून सांगितलं.

‘काऊन? पुन्हा बिघडलं का?’ तिने घाईने विचारलं. किती दिवसांनी तिचा आवाज तसा ऐकला.

‘नाही,’ मी म्हणालो, ‘बरोबर चालू आहे.’

‘हो का,’ ती म्हणाली. पलीकडे कुणी तरी दोन चहा सांगितले, आणि तिने फोन ठेवला.