बनुबाईच्या मागल्या दारचा झरा

पोलादपुरात जुनं घर विकत घेणारा माणूस कागद नंतर बघे, आधी भागोजी गवंड्याला बोलावी. भागोजी पासष्टीचा, अबोल. ओळंबा आणि काचेच्या पातळ पट्ट्या घेऊन तो यायचा, बोटांच्या पेरांनी भिंती वाजवायचा, दारं उघडून मिटून पाहायचा. घर बघायचं ते आषाढातच, हा त्याचा हट्ट. "वैशाखात काय, सगळीच घरं दाखवायच्या मुलीसारखी नटून बसतात," असं तो म्हणे.

दोन जुलैला, बुधवारी, सुहास मास्तर त्याला आंबेनळीच्या रस्त्याखालच्या एका वाडीवर घेऊन गेले. वाडी चारच घरांची. विकायचं होतं ते घर भागोजीच्या थोरल्या बहिणीचं, बनुबाईचं. ते बांधलंही भागोजीनेच, तीस वर्षांपूर्वी. बाजारात लोक मास्तरांना हसले, "बहिणीचं घर तपासायला भावालाच नेताय होय?"

"काकांना खोटं बोलता आलं असतं, तर ते आज ठेकेदार नसते झाले?" मास्तर म्हणाले. त्यांना बायको आणि दोन लहान मुली घेऊन दिवाळीआधी त्या घरात राहायला जायचं होतं. बनुबाईला मुलाकडे, ओंकारकडे, मुंबईला जायचं होतं.

बनुबाईने भिंती दाखवल्याच नाहीत. दोघांना थेट मागल्या दारी नेलं. जोत्यापासून चार हातांवर, दरडीच्या पायथ्याशी, पाणी उसळत होतं. शेजारी शेंदूर लावलेला दगड, हळद-कुंकू, ओटीचा नारळ.

"मे महिन्यात आम्ही हंडा घेऊन कोसभर चालायचो, मास्तर. अवंदा देवीनं दारात पाणी आणलंन. चारी घरच्या बायकांनी ओटी भरली. असं घर तुम्हाला पुन्हा गावायचं नाय."

भागोजीने ओंजळ भरली. पाणी निथळून गेलं आणि तळहातावर तांबडी माती राहिली.

"बाय, खालच्या विहिरीला पाणी किती हाय?"

"तिला कोण विचारतंय आता? आटली."

भरपावसात विहीर आटली. भागोजी उठून मागल्या दाराशी आला. स्वतः बसवलेलं ते दार त्याने ओढून पाहिलं. ते वरच्या कोपऱ्यात अडकत होतं. भिंतीवर ओंकारने उन्हाळ्यात नवा गिलावा करून घेतला होता. त्या गिलाव्यातही जोत्यापासून एक चीर वर चढली होती, नखाएवढी. भागोजीने तिच्यावर आडवी काच सिमेंटने चिकटवली.

"भिंत हलली की काच तुटते, मास्तर. काच कुणाची भीड धरत नाय. आठवड्यानं बघू."

पुढच्या बुधवारी दोघे पुन्हा आले तेव्हा काच मधोमध तुटलेली होती. दोन तुकड्यांमध्ये तांदळाचा दाणा उभा राहील एवढी फट. भागोजी काठी टेकत मागची दरड चढला. वरच्या गवतात धनुष्यासारखी वाकडी भेग पडली होती. त्याने तिच्यात काठी घातली. मुठीपर्यंत आत गेली, तळ लागला नाही. भेगेखालचं ऐनाचं झाड घराकडे कललं होतं.

खाली येऊन तो बहिणीसमोरच म्हणाला, "मास्तर, घेऊ नका. घरात खोट नाय. डोंगर सुटलाय."

बनुबाई कडाडली, "सख्ख्या भावानं गिऱ्हाईक उठवलंन! वैऱ्यानं केलं नसतं असं!"

"गिऱ्हाईक जाऊ दे गो. आता तू चल. आत्ता."

"देवी दारात आलीय नि मी पाठ फिरवू?"

"ती देवी नाय. डोंगराच्या पोटातलं पाणी हाय. विहिरीची वाट सोडून वर फुटलंय."

"तू भिंती बांध रे. पाण्यातलं तुला काय कळतंय?" आणि ती चुलीपुढे जाऊन बसली.

भागोजीने पुष्कळ विनवलं. मग मास्तरांना जीप आणायला पिटाळलं, पडवीतली शिडी उचलली आणि छपरावर चढला. त्याच्याच हाताने घातलेली कौलं तो एकेक करून अंगणात फेकू लागला. पाऊस माजघरात शिरला, चूल विझली. बनुबाईने त्याचे सात जन्म उद्धारले. शेवटी भिजलेली, थरथरणारी ती बाई देव फडक्यात बांधून, कोंबडी काखेत घेऊन बाहेर आली.

शेजारची ठकूबाई दारात उभी राहून हसत होती. "बहिणीला उघड्यावर आणलंस भागोजी, आता आमची पाळी काय?"

"ठकूबाय, पोरांना घेऊन खाली चल. जीप येतेय."

"चा घे नि डोकं थंड कर."

बाकीच्या दोन घरांनी तर दारंही उघडली नाहीत. तिन्ही छपरांतून चुलींचा धूर निघत होता.

जीप आली. मास्तरांनी बनुबाईला आत बसवलं. ती भावाकडे बघेना. वर कुठेतरी एक दगड सुटला, झाडीतून गडगडत आला आणि मध्येच थांबला.

"काका, बसा लवकर!"

"तिला माझ्या घरी सोडा, मास्तर. नि जीप परत आणा," भागोजी म्हणाला. त्याने शिडी खांद्यावर घेतली आणि तो ठकूबाईच्या घराकडे चालू लागला.