एका तांब्यातलं आभाळ

आमच्या मामंजींना चित्र काढायला दोन तांबे पाणी लागायचं. एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातलं रंगात मिसळायचं. हे दुसरं पाणी अगदी स्वच्छ पाहिजे, त्यात धुतलेल्या ब्रशचा थेंबसुद्धा पडता कामा नये, नाहीतर निळा मळतो, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी समजावून सांगितलं. मी घाटनांदूरची, शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडं निळं मळायचं म्हणजे शाळेचा स्कर्ट. मी गंभीर चेहरा करून मान हलवली आणि सासूबाईंनी दाखवलेले फिरकीच्या झाकणाचे दोन तांबे काठोकाठ भरून दिले.

मामंजी म्हणजे माझे सासरे, बीडमधले आर्किटेक्ट. मुंबईत शिकून मुद्दाम गावी परत आलेले. गिऱ्हाइकं म्हणजे बागायतदार, आडते आणि पुढारी. बागायतदाराला ट्रॅक्टर वळेल एवढं अंगण पाहिजे असायचं, आडत्याला खिडक्या कमी, आणि पुढाऱ्याला समोरच्या पुढाऱ्यापेक्षा दोन खांब जास्त. मामंजी सोमवार ते शनिवार निमूटपणे खांब काढायचे. रविवारी सकाळी स्कूटरला घडीची खुर्ची बांधून ते बाहेर पडायचे आणि जिथं एकही खांब नाही अशा जागी जाऊन बसायचे. कधी माजलगावच्या धरणाच्या काठाला, कधी मांजरसुंब्याच्या घाटात, आणि सगळ्यात जास्त कपिलधारला. दुपारी परत यायचे ते एक चित्र आणि पाव किलो रबडी घेऊन.

आधी चित्र दाखवायचे, मग रबडी सोडायचे. म्हणजे रबडी पाहिजे असेल तर चित्राबद्दल काहीतरी बोलावं लागायचं. मी पहिली दोन वर्षं "छान आहे" यावर काढली. पुढं मला खरंच बघता यायला लागलं. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात, घराच्या नकाशावर असते तशी, पेन्सिलीची छोटी चौकट असायची. तिच्यात जागा, वेळ आणि उत्तर दिशेचा बाण. डोंगराच्या चित्रात उत्तर दाखवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मी एकदा विचारलं, "मामंजी, डोंगर काय बांधायला काढायचाय का?" तर म्हणाले, "बांधणाऱ्यानं बांधून ठेवलाय, मी फक्त मापं घेतो."

ओसरीवर बसून चित्र पुरं करताना ते पाणी काचेच्या ग्लासात ओतून घ्यायचे. एकदा एक पुढारी घराचा नकाशा बघायला आले, उन्हातून आलेले, आणि समोर हिरवंगार पाणी दिसल्यावर वाळ्याचं सरबत समजून त्यांनी ग्लास उचलून घटाघटा रिकामा केला. मामंजी नको नको म्हणत उठेपर्यंत ग्लास खाली आला होता. पुढारी मिशा पुसत म्हणाले, "लई गार हाय. साखर तेवढी टाकायची राहिली बगा." मामंजी दोन दिवस धास्तावून होते. पुढाऱ्यांना काही झालं नाही, उलट त्यांनी नकाशात आणखी दोन खांब सुचवले.

सासूबाई गेल्यावर पाण्याचं खातं माझ्याकडं आलं. बीडमध्ये हे खातं गृहखात्यापेक्षा मोठं असतं. आणि लगेच तो उन्हाळा आला. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, बोअर घरघरून गप्प झालेली, आणि टँकर यायचा तो गल्लीच्या तोंडाशी. तिथून पाणी घागरीनं आणून मी पाच टिपाडं भरून ठेवायची. आंघोळीला पाऊण बादली. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. कुणी नळाखाली हात धुतल्यासारखा तांब्याखाली हात धुतला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी तशी तापटच, त्या उन्हाळ्यात तर घरातली मांजर पण माझ्यासमोर जपून दूध प्यायची.

अशा एका रविवारी सकाळी मामंजी ओट्याशी आले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, दोन तांबे द्या."

"एकच मिळंल."

"एकच? अहो, मग धुवायचं कशात?"

"त्याच्यातच धुवा."

"निळा मळतो हो."

"मळू द्या की. इथं माणसं मळायलीत, आन् तुमी निळ्याचं काय घेऊन बसलात? दुसरा तांब्या कावून पाहिजे? कपिलधारलाच चाललात ना, तिथं धबधबा हाय. तिथलं घ्या."

"धबधबा आटलाय," मामंजी म्हणाले. "तोच काढायला चाललोय."

"मग आटलेला धबधबा काढायला पाणी कशाला लागतंय?"

हे मी बोलले. सासऱ्यांना. तोंडातून गेलं ते गेलं. माझी नणंद माहेरपणाला लातूरहून आलेली होती, ती दारातच उभी. मामंजींनी एक तांब्या उचलला, झाकण फिरवून घट्ट केलं आणि निघून गेले.

दुपारी आले. रबडी ओट्यावर ठेवली. पण चित्र दाखवलं नाही. बाहेरच्या खोलीत नकाशांचं मोठं कपाट होतं, त्याच्या खालच्या खणात चित्र ठेवलं आणि हात धुवायला गेले, तेही अर्ध्या पेल्यात. एवढ्या वर्षांत चित्र न दाखवता रबडी मिळाली ती त्या एकाच दिवशी, आणि ती माझ्या घशाखाली उतरली नाही.

चार दिवसांनी झाडताना मी खण ओढून चित्र बघितलं. कोरडा कडा, कड्याखाली सुकलेल्या शेवाळाचा काळा पट्टा, आणि वर आभाळ. आभाळ निळं नव्हतंच. चहा सांडलेल्या धोतरासारखं होतं. मी खण ढकलून दिला.

पाऊस झाला, हौद भरला, नळ आठवड्याला यायला लागला. पहिल्याच रविवारी मी दोन तांबे घासून, लख्ख करून, भरून ओट्यावर मांडले. माफी मागायची माझी तेवढीच पद्धत. मामंजी आले, एक उचलला.

"दुसरा?" मी म्हटलं.

"एक पुरे," ते म्हणाले आणि गेले.

असं मग दर रविवारी. मी दोन भरायची, ते एक न्यायचे. दुसरा ओट्यावर तसाच. मी तो माठात परत ओतायची आणि तांब्या जरा आपटूनच ठेवायची. नऊ वर्षं. बाकी वागण्यात काही फरक नाही. माझा ठेचा आवडीनं खायचे, माझ्या मुलीला रंग कालवायला शिकवायचे, चित्रंही पुन्हा दाखवायला लागले. पण प्रत्येक चित्रात आभाळ तसंच मळकं. माजलगावचं धरण भरून वाहतंय आणि वर आभाळ हे असं! मला वाटायचं, मला दिसावं म्हणून मुद्दाम मळवतात. एवढा आकस! त्यात ताई, म्हणजे नणंद, दर दिवाळीला पाहुण्यांसमोर हसत हसत सांगणार, "आमच्या वहिनीनं बाबांना एका तांब्याला मोताद केलं." सगळे हसायचे. मामंजीही हसायचे. मी हसायची आणि आत जाऊन कणीक जोरात मळायची.

विचारायचं मात्र मला जमलं नाही. "मामंजी, तुम्ही अजून रागावलात का?" एवढंच तर होतं. टँकरवाल्याशी रस्त्यात उभं राहून भांडणारी मी, हे पाच शब्द नऊ वर्षांत माझ्याच्यानं झाले नाहीत. आणि मग एका सकाळी मामंजी झोपेतून उठलेच नाहीत.

त्यांचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी चित्रं वाटून घ्यायचं ठरलं. वारस दोघं, माझा नवरा आणि ताई. बरीच चित्रं मामंजींनी लोकांना देऊन टाकली होती, उरलेली पन्नासेक बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मांडली. एक पाळी ताईंची, एक पाळी भावाची, भांडण नाही. सुनेला पाळी नव्हती, आणि तसं कुणाच्या मनातही आलं नाही. मी चहा करत होते आणि दारातून बघत होते. मला एकच चित्र पाहिजे होतं, ते आटलेल्या धबधब्याचं. आवडत होतं म्हणून नाही. ते लातूरला गेलं असतं तर ताईंच्या दिवाणखान्यात लागलं असतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तांब्याची गोष्ट ऐकायला मिळाली असती. आणि दुसरं म्हणजे, मामंजींचं आणि माझं जे काही बिनसलं ते त्या चित्रात होतं. ते घराबाहेर जाऊ द्यायला माझा जीव होत नव्हता.

नवऱ्याला सकाळी दाढी करताना सांगून ठेवलं होतं, "कोरडं कपिलधार तेवढं घ्या." त्यांनी साबणाच्या फेसातून "हूं" केलं होतं. त्या "हूं"वर मी पंचवीस वर्षं संसार केलाय, त्याची किंमत मला माहीत होती.

पण नशीब जोरावर होतं. ताईंनी ते चित्र उचललं, लांब धरलं आणि म्हणाल्या, "ही कुठली खदान काढलीय बाबांनी? चौकट पण न्हाई कोपऱ्यात." आणि बाजूला टाकलं.  खदानच राहू दे म्हटलं. शेवटी उरलेली चित्रं याच घरात राहणार होती, फक्त कुणी तोंड उघडायला नको होतं.

"खदान कशाची?" माझा नवरा म्हणाला. "कपिलधार हाय की ती!"

मला त्या क्षणी चहाचं पातेलं त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

"ही? कपिलधार? उगं काहीतरी!"

"पैज लाव."

"आरं, एवढ्यांदा गेलतो आपण बाबांबरोबर, मला कळंना व्हय?" असं म्हणत ताईंनी चित्र पुन्हा उचललं, कोपरे न्याहाळले आणि मग उलटं केलं. "थांब, मागं लिवलंय." मी ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबले. ताई मोठ्यानं वाचायला लागल्या. नकाशावर असायची तीच अक्षरं, सरळ, एका मापाची.

"कपिलधार, कोरडी. सकाळी नऊ ते साडेदहा. आज पाणी एकच मिळालं. ब्रश त्यातच धुतला, रंग त्यातच कालवला. निळा मळला आणि आभाळ पहिल्यांदा इथलं आलं. इतकी वर्षं निळंशार काढत होतो ते मुंबईला शिकलेलं होतं, बीडवर असं आभाळ मी कधी पाहिलेलं नाही. यापुढं दुसरं पाणी बंद."

खाली त्यांच्या नकाशांवर दोन ओळी असायच्या, नकाशा कुणी काढला आणि कुणी तपासला. तशाच दोन ओळी होत्या. ताईंनी त्या हळू वाचल्या.

"चित्र, मी. पाणी, सूनबाई."

 मी ट्रे खाली ठेवला आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडले. चांगलं आवाज करून रडले. ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पहिल्यापासून सगळं मनात वाचलं.

"आन् मी येडी, इतकी वर्षं चारचौघांत तुला बोलत व्हते," त्या म्हणाल्या. "पण बाबांनी सांगितलं कावून न्हाई?"

"हिनं कधी विचारलं का?" माझा नवरा म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा ते नेमकं बोलले होते.

मग आम्ही तिघांनी मागच्या नऊ वर्षांतली सगळी चित्रं एकेक करून उलटी केली. जागा आणि वेळ पुढच्या चौकटीत होतीच. मागं फक्त त्याच दोन ओळी होत्या, प्रत्येक चित्रावर.

"पाळी माझी हाय," ताई म्हणाल्या, "पण हे मी नेत न्हाई. मला ते माजलगावचं दे, भरल्या धरणाचं." कोरडं कपिलधार त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं आणि गार झालेला चहा स्वतः गरम करायला गेल्या.

आता ते चित्र स्वयंपाकघरात माठाच्या वर लावलंय. नवरा म्हणतो फोडणीची वाफ लागेल. लागू दे. परवा भर उन्हात टाकी बघायला गच्चीवर गेले आणि सहज मान वर केली. डोंगरापासून शहरापर्यंत सगळं आभाळ तस्संच होतं, चहाच्या रंगाचं, धुळीनं भरलेलं. एवढी वर्षं मी त्याच्याखाली कपडे वाळत घालत होते.

रविवारी सकाळी हात अजून फिरकीच्या तांब्याकडं जातो. एकच भरते आणि कढीपत्त्याला घालते. "एक पुरे" असं ते मला चांगलं मराठीत सांगत होते. मी नऊ वर्षं ते ऐकलं आणि एकदाही खरं मानलं नाही.