सबनिसांचे पेढे

आमच्या शेजारच्या सबनिसांकडे मासा मेला की ते पेढे वाटायचे. सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत ते राहायला आले, त्या पहिल्याच महिन्यात डबा घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मला वाटलं, नातू झाला असेल. तर म्हणाले, "आमचा एक सोनेरी गेला, बाई. घरावर काहीतरी येणार होतं, ते त्यानं अंगावर घेतलं." मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय. तो पेढा काही माझ्या घशाखाली उतरला नाही. आता ते नाशिकला मुलीजवळ राहायला गेले, त्यालाही वर्ष झालं, तरी पेढा दिसला की मला अजून मेलेला मासा आठवतो.

कुणा वास्तुवाल्याने सांगितलं म्हणून त्यांनी आठ सोनेरी आणि एक काळा मासा आणला होता, आणि टाकी ईशान्येला ठेवली होती. त्यांच्या ईशान्येला नेमकी खिडकी. सकाळचं ऊन थेट टाकीवर. आठवडा सरेपर्यंत काचेला असं शेवाळ धरायचं की आतला मासा शोधावा लागे. त्यात हा पदवीधर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला गृहस्थ माशांना दिवसातून पाच वेळा खायला घालायचा. उपाशी मासे संकट कसं पेलणार, अशी त्याला काळजी! उरलेलं तळाशी कुजायचं. रविवारी सबनीस सगळी टाकी उपसायचे, काच, दगड, फिल्टरचा स्पंज भांड्यांच्या साबणाने घासायचे आणि नळाचं पाणी तसंच ओतायचे. सोमवारी एखादा मासा उताणा. संध्याकाळी पेढे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा मासा.

वास तर जिन्यापर्यंत यायचा. विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, "ओहोटी आहे बाई, खाडीचा वास." एकदा करावे गावची आमची नेहमीची मासळीवाली त्यांच्या दाराशी थांबली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "हा खाडीचा वास नाय. घरान कायतरी कुजलाय." जन्म खाडीवर काढलेल्या बाईला हे उदबत्ती हलवत खाडी समजावू लागले.

मी काय कमी सांगितलं? टाकी उन्हातून हलवा, खाणं एक चिमूट करा, पाणी एका वेळी पाव भागच बदला आणि तेही आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवा. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा, घाण संपवणारे जिवाणू त्यातच असतात. सगळं ऐकून घेत आणि मग मान हलवून ठरलेलं वाक्य टाकत, "तुमचं पुस्तकातलं, बाई. आमचं अनुभवाचं." त्यांच्या पत्नी, नलिनीताई, मागे उभ्या राहून नुसत्या ऐकायच्या. त्या वासात दिवसभर राहायचं तर त्यांनाच होतं.

असाच एक सोमवार होता. दुपारी वास असह्य झाला, म्हणून मी भांडायच्याच तयारीने बेल वाजवली. सबनीस पेढ्यांचा डबा भरत होते. मागे सोफ्यावर नलिनीताई घामाने भिजलेल्या, डावा हात उजव्या हाताने धरून बसलेल्या. सकाळपासून जबडा आणि हात दुखतोय, म्हणाल्या. मी सबनिसांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ॲसिडिटी असेल. आज आठ वाजताच मासा गेलाय, आता तिला काही होत नाही." त्या क्षणी त्या माणसाच्या तोंडात मारावंसं वाटलं, हे मी लपवत नाही. मी रिक्षा बोलावली आणि ताईंना घेऊन वाशीचं हॉस्पिटल गाठलं. आणखी तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी हा माणूस हॉस्पिटलमध्ये तोच डबा घेऊन आला. नर्सला पेढा, शेजारच्या पेशंटला पेढा. "मासा गेला म्हणून ही वाचली." मी उठणार, एवढ्यात नलिनीताई बोलल्या. आवाज अगदी बारीक होता.

"वाटा. पण मी गेले असते, तर कुणाचं संकट टळलं म्हणून वाटले असते?"

सबनिसांनी डबा बंद केला.

पुढच्या रविवारी त्यांनी माझी बेल वाजवली आणि टाकी कुठे ठेवू, एवढंच विचारलं. आम्ही ती आतल्या भिंतीशी हलवली. महिनाभरात शेवाळ सरलं, वास गेला. मी सांगितलेलं सगळं त्यांनी पाळलं, पण पटलं म्हणून नव्हे, बायकोला घाबरून. दोन वर्षं एकही मासा मेला नाही.

मग एका सकाळी म्हातारा झालेला काळा मेला. सबनीस दारात आले. हातात डबा नव्हता, ताईंची हॉस्पिटलची फाईल होती. मागे ताई, चांगल्या ठणठणीत, चप्पल घालून वैतागून उभ्या.

"काळा गेला, बाई."

"मग पेढे?" मी मुद्दाम विचारलं.

"नकोत. आधी हिला दाखवून येतो."

माणूस होता तेवढाच मूर्ख होता. मी पुढे होऊन लिफ्टचं दार धरून ठेवलं.