शेराला साडेआठ मासे

पाण्यावर इतका विश्वास टाकणारा आणि पाण्याचाच इतका संशय घेणारा दुसरा माणूस गोदाकाठी झाला नसेल. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर दोन-तीन वर्षांनी हे तेलंगी डॉक्टर आमच्या गंगाखेडच्या दवाखान्यात आले. मी तिथल्या तहसील कचेरीत पेशकार, दप्तर आणि हिशेब सांभाळणारा; सकाळी फिरायला जाता-येता ओळख झाली. हॉटेलात चहाच्या आधी ते उकळतं पाणी मागवत, कप तीनदा विसळत आणि तिसरं पाणी उजेडाकडे धरून पाहत. शंका आली तर चौथ्यांदा. हॉटेलवाला कुरकुरला की म्हणत, "भाई, चहा तुझा, पोट माझं." सायकलची घंटीसुद्धा ते धूत. ती त्यामुळे वाजायची बंद झाली. मग ते तोंडानं ओरडत जात.

पण तीच तऱ्हा त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेली होती, आणि तिथं हसू येत नसे. पू झालेलं पोट उघडलं की ते मिठाच्या कोमट पाण्यानं आतून धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत. घाण मागे राहिली की पोट सुजतं, असं ते सांगत. मीठ सोनाराच्या काट्यावर तोलत, बारा माशांचा तोळा या हिशेबानं: पाण्याच्या शेराला साडेआठ मासे, किंचित वर. मी विचारलं, "सरळ नऊ का नको?" म्हणाले, "माप शरीरानं ठरवलंय, पेशकार. मी फक्त तोलतो." आकड्यांत उभा जन्म काढलेल्या मला ते वाक्य पाठ झालं. जिल्ह्यातले काही डॉक्टर म्हणत, पाण्यानं पू आणखी पसरतो. त्यावर यांचं उत्तर, "आत टाकलेलं सगळं बाहेर काढलं नाही तर पसरणारच. ते धुणं नव्हे, भिजवणं."

एका वर्षी हुरड्याच्या दिवसांत घरी पाहुणे होते म्हणून माझ्या बायकोनं दोन दिवस पोटदुखी लपवली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोट लाकडासारखं कडक झालं. डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, "अपेंडिक्स फुटलंय. आत्ताच उघडतो." मग माझ्याकडे वळले. "बाहेर बसून रडणार का काम करणार? सिस्टर दारातून सांगेल. शेराचं प्रत्येक माप लिहायचं. किती आत गेलं, किती बाहेर आलं. मेळ बसल्याशिवाय मी शिवणार नाही."

मी कागद घेऊन दाराशी बसलो. पिंगळीहून आलेला मेहुणा शेजारी होता. सिस्टर म्हणाली, "आत सहा." मेहुणा कुजबुजला, "दाजी, आक्काचं पोट हाय का रांजन?" आणि तोंडात उपरणं कोंबून रडायला लागला. दारातल्या बादलीत पडणारं पाणी आधी पिवळ्या ताकासारखं होतं, मग तांदळाच्या धुवणासारखं, शेवटी नितळ.

माझ्या कागदावर आत चौदा झाले, बाहेर तेरा.

"एक कुठंय?" आतून आवाज आला. टेबल कलतं केल्याचं ऐकू आलं. क्लोरोफॉर्म चालूच होता. दहा मिनिटं गेली. शेवटी सिस्टरनं बादलीतलं पाणी पुन्हा मोजलं. चौदा शेर भरलं, पू धरून थोडं वरच. बाहेरचं एक माप लिहायला मीच चुकलो होतो. एवढ्या नोकरीत माझ्या बेरजेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"पोट कोरडं आहे," डॉक्टर आतून म्हणाले. "पाणी चुकलं नाही, पेशकार चुकले."

संध्याकाळी मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. "माझ्यामुळे ती दहा मिनिटं जास्त उघडी राहिली, डॉक्टरसाब."

ते कोपरापर्यंत हात धूत होते. "त्या दहा मिनिटांत कोपऱ्यात दडलेला थोडा पू सापडला. तुमची बेरीज बरोबर असती तर तो राहिलाच असता."

हे खरं होतं की माझं ओझं उतरावं म्हणून रचलेलं, मी कधी विचारलं नाही. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि बायको म्हणाली, "आवं, घरात भाकर हाय का न्हाई?"

पुढे हैदराबाद राज्याची वाटणी झाली. कचेऱ्या, दप्तरं, माणसं, सगळं भाषेप्रमाणे वाटलं गेलं. कोण कुठल्या राज्यात जाणार त्या यादीची नक्कल माझ्याच टेबलावर आली. डॉक्टरांचं नाव पलीकडच्या, आंध्राच्या रकान्यात होतं. मी बोट ठेवून दोनदा वाचलं, मग मूळ हुकमाशी ताडून पाहिलं. यादीत चूक निघावी असं मला नोकरीत तेवढं एकदाच वाटलं.

नक्कल बरोबर होती. मी खाली सही केली.